कच्च्या चित्राचा जमाखर्च

आजचे युग हे चित्रांचे युग आहे असे आपण वारंवार वाचतो. पण ही चित्रे साठवायची कोठे आणि त्यासाठी खर्च किती करायचा, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने सिनेमाच्या कॅमेऱ्यावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. तथापि हा विषय निम्मा विज्ञानाचा आणि निम्मा हिशेबाचा आहे, व माझा त्याच्याशी संबंध आला तो हिशेबाच्या बाजूने.

भोपाळला माझी आत्या राहते. तेथे मराठी कुटुंबे पुष्कळ असल्याने आपल्या सीमाभागातून गेलेल्या माणसाला फारसे परके वाटत नाही. फक्त कन्नड ऐकू येत नाही एवढीच उणीव. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी तेथे गेले असता आतेभाऊ व त्याचे तीन मित्र भोपाळवर एक माहितीपट काढण्याच्या तयारीत होते. चौघांनाही कॅमेरा कळत होता, पण वही कोणीच ठेवीत नव्हते. "अगं, तू बी.कॉम.ला आहेस ना? मग हार्ड डिस्कचा हिशेब तूच सांभाळ," असे म्हणून दादाने एक कोरी वही माझ्या हाती दिली. त्या वहीतून जे शिकायला मिळाले ते येथे मांडते.

भोपाळ हे अलीकडे चित्रीकरणाचे मोठे ठाणे झाले आहे. प्रकाश झा यांचा 'राजनीती' (२०१०) तेथे चित्रित झाला. त्याच वर्षीचा 'पीपली लाइव्ह' शेजारच्या रायसेन जिल्ह्यातील बडवई गावात, 'पंचायत' ही मालिका सीहोर जिल्ह्यातील महोडिया गावात, तर 'लापता लेडीज' (२०२४) याच सीहोर जिल्ह्यात चित्रित झाला. २०२२ साली जाहीर झालेल्या ६८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत चित्रपटस्नेही राज्याचा पुरस्कार मध्य प्रदेशला मिळाला. मोठ्या कंपन्यांच्या मागोमाग आता स्थानिक तरुणही लहान डिजिटल सिनेमा कॅमेरे घेऊन कामाला लागले आहेत. या कॅमेऱ्यांवर 'रॉ', म्हणजे कच्चे चित्र घेण्याची सोय असते आणि ते चित्र किती दाबायचे हे वापरणाऱ्याला विचारले जाते. ३:१, ५:१, ८:१, १२:१ असे आकडे पडद्यावर येतात. त्यांतला कोणता निवडावा, यावरून आमच्या चौकडीत पहिल्याच संध्याकाळी वाद झाला.

वाद समजण्यासाठी कच्चे चित्र म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे. कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे सेन्सर असतो. त्यावर प्रकाश मोजणारे लक्षावधी सूक्ष्म कप्पे असतात. या कप्प्यांना रंग कळत नाही, फक्त उजेड किती ते कळते. म्हणून प्रत्येक कप्प्यावर तांबडी, हिरवी किंवा निळी अशी एकेक चिमुकली काच बसवलेली असते. ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी शोधली आणि १९७६ साली तिला पेटंट मिळाले. चार कप्प्यांत दोन हिरवे, एक तांबडा व एक निळा असा तो नक्षीचा पट असतो. हिरवे दुप्पट, कारण आपला डोळा उजेडाचा बारीकपणा हिरव्यातच अधिक पारखतो. प्रत्येक कप्प्याला एकच रंग ठाऊक असतो, बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांना विचारून नंतर भरावे लागतात. हे भरणे होण्यापूर्वीची मोजमापे जशीच्या तशी ठेवली की ते झाले कच्चे चित्र. शेतातून आलेला कापूस आणि गिरणीतून निघालेले कापड यांत जो फरक, तोच येथे समजावा. कापसाचे अजून धोतरही होऊ शकते आणि साडीही.

आता थोडे गणित. ४के म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रात आडवे ४०९६ आणि उभे २१६० कप्पे असतात. गुणाकार केला की ८८,४७,३६० कप्पे होतात. प्रत्येक कप्प्याचे मोजमाप १२ बिटांत, म्हणजे ४०९६ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर लिहिले जाते. आठ बिटांचा एक बाईट या हिशेबाने एका चित्राला सुमारे १.३३ कोटी बाईट लागतात. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे, तेव्हा दर सेकंदाला सुमारे ३१८ मेगाबाईट आणि तासाला जवळजवळ १,१४७ गिगाबाईट, म्हणजे एक टेराबाईटहून अधिक. हा आकडा मी वहीत लिहिला तेव्हा चौघेही थोडा वेळ गप्प बसले. त्यांच्याजवळ असलेल्या एका लहान एसएसडीची क्षमता ५०० गिगाबाईट होती. ती अर्ध्या तासाच्या आतच भरली असती.

म्हणून दाबणे आले. ३:१ म्हणजे मूळच्या एकतृतीयांश जागा. तासाला सुमारे ३८२ गिगाबाईट. ५:१ ला २२९, ८:१ ला १४३ आणि १२:१ ला ९६. तीच एसएसडी ३:१ वर ७८ मिनिटे चालते आणि १२:१ वर पाच तासांहून अधिक.

पण दाबणे म्हणजे नेमके काय करणे? वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना हे लगेच कळावे. रोजकीर्दीत एकाखाली एक तोच मजकूर आला की आपण तो पुन्हा लिहीत नाही, 'वरीलप्रमाणे' अशी खूण करतो. जागा वाचते आणि माहितीचा एक कणही जात नाही. कॅमेरा हीच युक्ती करतो. निरभ्र आकाशाचे हजारो कप्पे जवळपास सारखेच असतात, ते चार शब्दांत सांगता येतात. परंतु अशा निव्वळ खुणांनी फार तर निम्म्याच्या आसपास बचत होते. जर्मनीच्या आरी कंपनीच्या कॅमेऱ्यांचे कच्चे चित्र मुळात न दाबलेले असते. ते एक कणही न गमावता दाबण्याची कोडेक्स कंपनीची एक पद्धत आहे, तिने सुमारे ४० टक्के जागा वाचते. त्यापुढे जायचे तर काही तरी सोडून द्यावे लागते.

ही दुसरी युक्ती म्हणजे पैसे सोडून रुपये लिहिणे. ४०० रुपये ४० पैसे असतील तेथे ४०० लिहायचे. कोणाला कळणार आहे? खरोखरच कळत नाही, जोपर्यंत त्या आकड्यावर पुढे काही करायचे नाही तोपर्यंत. पण समजा, तो आकडा पुढे चौपट करायचा आहे. ४०० चे १,६०० होतात, खरे उत्तर १,६०१ रुपये ६० पैसे, चूक नगण्य. उलट मूळ रक्कमच ४ रुपये ४० पैसे असेल आणि आपण ४ लिहिले, तर चौपटीनंतर १६ येतात, खरे उत्तर १७ रुपये ६० पैसे. आता चूक डोळ्यांत भरते. चित्रातल्या काळोख्या भागाचे हेच होते. तेथे मुळातच मोजमाप लहान असते आणि नंतर रंगकाम करताना तोच भाग उजळावा लागतो. छायाचित्रकार ज्याला दोन स्टॉप उजळणे म्हणतात ते म्हणजे चौपट करणे. म्हणून दाबणीचा दोष उन्हातल्या भिंतीवर सहसा दिसत नाही, तो दिसतो ओसरीच्या सावलीत, काळ्या केसांत आणि सावळ्या चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला. आपल्याकडचे बहुतेक चेहरे सावळे आहेत, हे कॅमेरा निवडताना आपण विसरता कामा नये.

येथे एक गमतीची गोष्ट सांगते. चित्रपटगृहात डिजिटल सिनेमा जातो तोही दाबलेलाच. त्याच्या जागतिक प्रमाणानुसार सेकंदाला २५० मेगाबिटची कमाल मर्यादा आहे; बाईटमध्ये सुमारे ३१ मेगाबाईट. आपल्या १२:१ चा वेग आहे सुमारे साडेसव्वीस. म्हणजे तिकीट काढून आपण जे पाहतो तेही काही फार सैल हाताने मोजलेले नसते! मग ३:१ चा अट्टाहास कशाला, असा प्रश्न एका मित्राने काढला. उत्तर वरच्या चौपटीत आहे. चित्रपटगृहातले चित्र शिजवून वाढलेले असते, त्यावर पुढे काही करायचे नसते. कच्च्या चित्राला अजून चूल पाहायची असते.

कच्चे चित्र कॅमेऱ्यातच दाबण्याची सोय गाजवली ती अमेरिकेतील रेड कंपनीने. तिचा पहिला कॅमेरा २००७ साली बाजारात आला. या युक्तीवर तिने पेटंट घेतले आणि ते इतके नेटाने राखले की २०१९ साली ॲपलसारख्या कंपनीने दिलेले आव्हानही फेटाळले गेले. पुढे २०२४ साली निकॉन कंपनीने रेडच विकत घेतली. अशा पेटंटांमुळे प्रत्येक कंपनीचा रस्ता थोडा निराळा आहे. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक कंपनीने २०१८ मध्ये आपला रॉ प्रकार आणला, त्यात रंग भरण्याचे काही काम कॅमेऱ्यातच उरकले जाते. आमच्याजवळ याच जातीचा कॅमेरा होता, म्हणून वरचे चार आकडेही त्याचेच घेतले आहेत.

या कॅमेऱ्यात आणखी एक निवड आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. ३:१ ते १२:१ या आकड्यांत जागा बांधलेली असते. दर सेकंदाला इतकेच बाईट मिळतील असे कॅमेरा आधी ठरवतो. समोर कोरी भिंत असली तरी तेवढेच आणि पिंपळाची सळसळ असली तरी तेवढेच. भिंतीला ते जास्त होतात, पिंपळाला अपुरे पडतात. दुसऱ्या पद्धतीत क्यू०, क्यू१, क्यू३, क्यू५ अशा पायऱ्या असतात. तेथे दर्जा बांधलेला असतो आणि जागा कमीजास्त होते. पैसे किती वगळायचे ते ठरलेले, मग वही कितीही पाने खाओ. परिव्यय लेखाशास्त्रात आपण स्थिर अंदाजपत्रक आणि लवचिक अंदाजपत्रक असा भेद शिकतो, तो येथे जसाच्या तसा भेटला याचे मला फार समाधान वाटले. (परीक्षेत मात्र हे उदाहरण लिहिण्याचा धीर होणार नाही.) लवचिक पद्धत दर्जाला न्याय देते, पण संध्याकाळी किती डिस्क भरतील ते सकाळी सांगता येत नाही. ज्याच्या पेटीत पाच डिस्क जादा आहेत त्याने ती खुशाल वापरावी.

आता भोपाळकडे वळू. माहितीपटात तीन प्रकारचे चित्रीकरण होते आणि तिघांची भूक अगदी वेगळी होती.

पहिले, मुलाखती. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. ज्यांनी ती रात्र तरुणपणी पाहिली ती माणसे आता साठी-सत्तरी ओलांडून गेली आहेत. कारखान्याजवळच्या वस्त्यांत अशा पंधरा-सोळा वृद्धांशी बोलायचे होते. दादाच्या एका मित्राचे म्हणणे असे की हाच चित्रपटाचा आत्मा आहे, तेव्हा मुलाखती सर्वोत्तम दर्ज्यावर, ३:१ वरच घेतल्या पाहिजेत. ऐकायला हे अगदी योग्य वाटते. पण समोर काय असते? तिवईवर स्थिर कॅमेरा, मागे चुन्याची भिंत, खिडकीतून येणारा उजेड आणि बसलेले एक माणूस. ओठ हलतात, हात थोडे हलतात. 'वरीलप्रमाणे' लिहिण्यासारखे त्यात भरपूर असते. उजेड पुरेसा ठेवला तर १२:१ वर त्या चित्राचे फारसे काही बिघडत नाही. आम्ही घेऊन पाहिले, मोठे करून पाहिले, सावली उजळून पाहिली. उलट ३:१ वर दर ७८ मिनिटांनी डिस्क बदलावी लागते. आणि अशा मुलाखतीत माणूस खरे बोलू लागतो ते पहिला तास उलटल्यावर. एक आजी बोलता बोलता थांबल्या आणि पुष्कळ वेळ काहीच बोलल्या नाहीत. कोणी हललेही नाही. मग त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या सुनेनेही पूर्वी ऐकले नव्हते. त्या वेळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'डिस्क भरली' अशी पाटी आली असती तर कोणता दर्जा उपयोगी पडला असता? सर्वांत मोलाच्या चित्राला सर्वांत जास्त दाबणी, हे विचित्र दिसते. पण मोलाचे होते ते त्यांचे बोलणे, आणि बोलण्याला मिनिटे लागतात.

दुसरा प्रकार शहराचा. चौक बाजार, ताजुल मसाजिद, नव्या भोपाळचे रस्ते, शाळा सुटतानाची गर्दी. दिवसा येथे ८:१ पुरते. रात्री मात्र एक अडचण येते. अंधारात सेन्सरची मोजमापे डळमळतात आणि चित्रात मुंग्या दिसू लागतात, त्याला नॉईज म्हणतात. या मुंग्या म्हणजे निरर्थक माहिती, पण कॅमेऱ्याला ते काय ठाऊक? तो त्यांनाही पिंपळाच्या पानांसारखेच जपू लागतो, सारे बाईट तिकडे खर्च होतात आणि खरा तपशील उपाशी राहतो. म्हणून रात्रीचे चित्रीकरण एक पायरी वर, ५:१ वर घ्यावे. किंवा, स्वस्त उपाय म्हणजे एक दिवा जास्त लावावा.

तिसरा प्रकार भीमबेटकाचा व मोठ्या तलावाचा, आणि येथे मात्र कंजुषी करू नये. भोपाळच्या दक्षिणेला सुमारे ४५ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात, भीमबेटकाची शैलाश्रये आहेत. १९५७ साली रेल्वेने जाताना तेथील खडक विष्णु श्रीधर वाकणकर यांच्या नजरेस पडले आणि उतरून ते तेथे गेले. आपल्या मराठी माणसाने हे धन जगापुढे आणले, हे भोपाळच्या मराठी घरांत अजूनही अभिमानाने सांगतात. २००३ साली त्या स्थळाचा जागतिक वारशात समावेश झाला. तेथील चित्रे तांबड्या व पांढऱ्या रंगांत, खरबरीत वालुकाश्मावर काढलेली आहेत. कित्येक इतकी फिकट की दगड कोठे संपतो आणि हरिण कोठे सुरू होते ते जवळ गेल्यावाचून कळत नाही. आता दाबणीच्या दृष्टीने विचार करा. दगडाचा पोत म्हणजे कणाकणाला वेगळी माहिती. 'वरीलप्रमाणे' कोठेच लिहिता येत नाही. आणि रंगाचा फरक इतका थोडा की पैसे वगळायला लागलो तर हरिणच वगळले जाईल! १२:१ वर घेतलेल्या नमुन्यात दगड लोण्यासारखा गुळगुळीत दिसू लागला होता आणि एका घोडेस्वाराचा भाला मधूनच नाहीसा झाला होता.

दगडाचा पोत ही किती नाजूक बाब आहे याचे एक उदाहरण याच जागेचे आहे. २०२१ साली काही शास्त्रज्ञांनी जाहीर केले की भीमबेटकाच्या 'ऑडिटोरियम' गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया नावाच्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाचा ठसा सापडला आहे. जगभर बातमी झाली. पुढे २०२३ साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी जाऊन पाहिले तेव्हा तो ठसा झडत चाललेला आढळला. ते मधमाश्यांचे जुने पोळे होते! जाणत्यांची ही गत, तर दाबून गुळगुळीत केलेल्या चित्रावरून उद्या कोण काय ठरवील कोणी सांगावे? म्हणून भीमबेटका ३:१ वर. तलावाचेही तसेच. राजा भोजाच्या नावाशी जोडलेला तो अकराव्या शतकातील मोठा तलाव दिवाळीच्या सुमारास काठोकाठ असतो. वाऱ्याने त्यावर उठणारी प्रत्येक लाट निराळी, आणि पुढच्या चित्रात पुन्हा निराळी.

आता वहीतले गणित. एकूण चित्रीकरण ३० तासांचे धरले होते. सगळे ३:१ वर घेतले तर सुमारे ११.५ टेराबाईट. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवायच्या, कारण एक डिस्क बिघडते आणि दुसरी हरवते. म्हणजे ३४ टेराबाईटहून अधिक. दादाच्या तरतुदीत तेवढे बसणे शक्य नव्हते. (डिस्कचे भाव रोज बदलतात, म्हणून येथे रुपये लिहीत नाही.) सगळे ८:१ वर घेतले तर ४.३ टेराबाईट, तीन प्रतींचे सुमारे १३. हे बसत होते. पण मग भीमबेटकाला अन्याय होणार.

मी वही घेऊन बसले आणि ३० तासांची वाटणी केली. मुलाखती २० तास, १२:१ वर. शहर ६ तास, ८:१ वर. भीमबेटका व तलाव मिळून ४ तास, ३:१ वर. मुलाखतींचे झाले १.९ टेराबाईट, शहराचे ०.९, दगड-पाण्याचे १.५. बेरीज ४.३ टेराबाईट! सगळे सरसकट ८:१ वर घेतले असते तर जेवढी जागा लागली असती, तेवढीच. ज्यांना शंका असेल त्यांनी २० ला १२ ने, ६ ला ८ ने आणि ४ ला ३ ने भागून बेरीज करावी आणि ती ३० भागिले ८ शी ताडून पाहावी. दोन्हीकडे पावणेचारच येतात. रात्रीचे थोडे चित्रीकरण ५:१ वर गेल्याने प्रत्यक्षात हा आकडा किंचित वाढला, पण तो फरक एका तासाला ८६ गिगाबाईट एवढाच. खर्च तोच ठेवून फक्त वाटणी बदलली. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, आणि आपल्या अंकाच्या कन्नड विभागातले मित्र तेच 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' असे म्हणतील. पण अंथरूण तेवढेच असले तरी ते कोणाच्या अंगावर किती ओढायचे हे तरी आपल्या हातात असते. सगळ्यांना सारखे देणे म्हणजे न्याय नव्हे, हे ज्या घरात एक आजारी आणि चार धडधाकट मुले असतात तेथल्या आईला कोणी शिकवावे लागत नाही.

या वाटणीचा एक फायदा मला आधी सुचला नव्हता. दिवसभराचे चित्रीकरण रात्री हार्ड डिस्कवर उतरवावे लागते. साधी हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १५० मेगाबाईट लिहिते. दोन तासांचे चित्रीकरण ३:१ वर असेल तर उतरवायला ८५ मिनिटे आणि नंतर पडताळायला तेवढीच. म्हणजे पावणेतीन तास जागरण. ८:१ वर हेच काम तासाभरात होते, १२:१ वर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत. मुलाखतीच्या दिवशी माणसे मनाने थकून येत. त्या रात्री काम लवकर आटोपे, ही गोष्ट कोठल्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते.

पडताळणी कशी होते तेही सांगण्यासारखे आहे. लहानपणी गुणाकार बरोबर आला की नाही हे पाहण्यासाठी आपण नवाचा ताळा घेत असू. संगणक मूळ फाइलमधील सगळ्या आकड्यांवरून असाच एक छोटा ताळा काढतो आणि प्रतीवरूनही काढतो. दोन्ही जुळले तर प्रत खरी. एक बिट इकडचा तिकडे झाला तरी ताळा जुळत नाही. ताळा जुळल्याखेरीज कॅमेऱ्याची डिस्क पुसायची नाही, हा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला आणि चौघांच्या सह्या घेतल्या. एक प्रत चित्रीकरणाच्या पेटीत, एक संपादनासाठी, आणि एक आत्याच्या कपाटात, पैठण्यांच्या शेजारी.

जुने लोक म्हणतील, आमच्या वेळी हे लचांड नव्हते. होते, निराळ्या रूपात होते. ३५ मिलिमीटर फिल्मची १,००० फुटांची रिळे सुमारे अकरा मिनिटांत संपत. फिल्म परदेशातून आणावी लागे, पुरेशी मिळत नसे, म्हणून दिग्दर्शक आधी दहादा तालीम घेई आणि मग कॅमेरा सुरू करी. डिजिटल आल्यावर सगळे फुकट झाले असा समज पसरला. फुकट काही झालेले नाही. बिल फक्त चित्रीकरणाच्या आधी न येता नंतर येते. सर्वांत वरचा आकडा लावून ठेवणे हे मला दक्षतेपेक्षा टाळाटाळीचे लक्षण वाटते. ठरवायचे नाही, म्हणून जास्तीत जास्त घ्यायचे, आणि मग डिस्क संपल्या की जुनी चित्रे पुसायची.

तुमच्यापैकी कोणाला असे काम करावयाचे असल्यास पुस्तकी आकड्यांवर, माझ्याही, विसंबू नका. तुमच्या विषयातले सर्वांत अवघड दृश्य निवडा. पाने, पाणी, जत्रेतली धूळ, पैठणीचा काठ, जे असेल ते. तेच दृश्य एका जागेवरून चारही आकड्यांवर दहा-दहा सेकंद घ्या. मग संगणकावर सावली दोन स्टॉप उजळा, चित्र दुप्पट मोठे करा आणि थांबवून न पाहता चालू ठेवून पाहा. थांबलेल्या चित्रात न दिसणारी वळवळ चालत्या चित्रात दिसते. शक्य झाल्यास कोणता नमुना कोणता हे दुसऱ्याला लपवायला सांगा. आम्ही असे केले तेव्हा ३:१ चा आग्रह धरणाऱ्या मित्राने मुलाखतीचा १२:१ चा नमुना ३:१ चा म्हणून ओळखला, आणि भीमबेटकाचा १२:१ चा नमुना मात्र दारातूनच ओळखला.

हार्ड डिस्क कपाटात वर्षानुवर्षे बंद ठेवली तर बिघडू शकते. म्हणून वर्षातून एकदा ती चालवून सगळे ताळे पुन्हा जुळवायचे आणि काही वर्षांनी सारा माल नव्या डिस्कवर उतरवायचा असे ठरले आहे. पहिली तपासणी येत्या दिवाळीत. वही आत्याकडेच ठेवून आले आहे.